हवापाण्याच्या गप्पा

मराठीत 'हवापाण्याच्या गप्पा' म्हटलं की विशेष काही बोलणं झालं नाही, असाच अर्थ निघतो. आपल्याकडे खरं बोलणं वेगळं. गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला आपण गाव विचारतो, आडनाव विचारतो, मुलं काय करतात ते विचारतो आणि कर्जतच्या वड्यापर्यंत त्याच्या जावयाच्या पगाराचा अंदाज घेऊन झालेला असतो. इथे अमेरिकेत पहिल्या भेटीत ही सगळी दारं बंद. सताड उघडं असतं ते एकच दार, हवेचं.

उन्हाळा आला की आपल्या बऱ्याच घरी आई-बाबा येतात. मुलगा-सून कामावर, नातवंडं कँपला, आणि दिवसभर घरात ही दोघंच. संध्याकाळी आजोबा फेरी मारायला निघतात. शेजारीण बागेत पाणी घालत असते. ती म्हणते, "ब्यूटिफुल डे, इझन्ट इट?" आजोबा हसतात, मान हलवतात आणि पुढे जातात. सहा महिन्यांत शेजाऱ्यांशी झालेला संवाद एवढाच! बरं, आजोबांना इंग्रजी येत नाही असं मुळीच नाही. ते बँकेतून रिटायर झालेले असतात, जन्मभर इंग्रजीत पत्रव्यवहार केलेला असतो. त्यांना अडवतो तो हा प्रश्न, की बाईने विचारलंय त्याला उत्तर काय द्यायचं? दिवस चांगला आहे हे तिलाही दिसतंय, मलाही दिसतंय.

गंमत म्हणजे त्या प्रश्नाला उत्तर नकोच असतं. नुसती साथ द्यायची असते. गाण्याच्या बैठकीत आपण 'वा!' म्हणतो, तसं. दोन इंग्रज भेटले की आधी हवेविषयी बोलतात, असं डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५८ साली लिहून ठेवलं आहे. केट फॉक्स या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २००४ सालच्या आपल्या पुस्तकात याचे नियमच सांगितले आहेत, आणि त्यातला मुख्य नियम असा की समोरचा हवेबद्दल जे म्हणेल त्याला आधी 'हो' म्हणायचं. अमेरिकन माणूस इंग्रजाइतका हवेत रमत नाही, पण नियम इथेही तोच चालतो. "कोल्ड इनफ फॉर यू?" असं कुणी विचारलं तर त्याला तापमान सांगायचं नाही. "प्लेंटी!" म्हणून हसायचं, झालं.

आता यात मराठी माणसाची एक अडचण होते. तिकडून वाक्य येतं, "नॉट टू वॉर्म टुडे, इज इट?" आपल्या डोक्यात उत्तर तयार होतं, "हो, नाहीये खरं गरम," आणि तोंडातून बाहेर पडतं, "यस." ऐकणाऱ्याला वाटतं, हे गृहस्थ आपल्याला खोडून काढताहेत, यांना गरम होतंय! इंग्रजीत नकाराला साथ नकारानेच द्यावी लागते. "नो, इट इझन्ट." शाळेत हे कुणी शिकवलेलं नसतं. एकदा सांगितलं की आजी-आजोबांच्या लगेच लक्षात येतं, कारण त्यांचं व्याकरण आपल्यापेक्षा पक्कं असतं.

दुसरी अडचण कर्त्याची. आपल्याकडे प्रत्येकाचं काम वाटून दिलेलं आहे. पाऊस पडतो, वारा सुटतो, ऊन तापतं, थंडी वाजते, आभाळ भरून येतं. इंग्रजीत ही सगळी कामं एकटा 'इट' करतो. हा 'इट' कोण, ते विचारायचं नाही. इट्स रेनिंग, इट्स विंडी, इट्स हॉट, इट्स कोल्ड. 'इट्स'ने सुरुवात केली की हवेची निम्मी वाक्यं आपोआप बरोबर येतात. याच्याऐवजी 'मला'चं भाषांतर करायला गेलं की घोटाळा होतो. "मला थंडी वाजतेय" म्हणायला "आय हॅव अ कोल्ड" म्हटलं तर समोरचा दोन पावलं मागे सरकतो, कारण आपण त्याला सर्दी झाल्याचं सांगितलेलं असतं. आणि उकडत असलं तरी आजोबांनी "आय ॲम हॉट" म्हणू नये हे बरं. नातवंडं आठवडाभर हसत बसतील. तिसरा शब्द 'क्लायमेट'. "टुडे क्लायमेट इज गुड" हे आपलं लाडकं वाक्य. पण क्लायमेट तीस-तीस वर्षांचं मोजतात. आजचं जे आहे ते वेदर.

शब्दांपेक्षा अवघड असतो तो भाव. आमच्या शिकागोकडे एप्रिलमध्ये एखादा दिवस साठ डिग्रीचा उजाडतो, लख्ख ऊन पडतं, आणि अख्खी वसाहत अर्धी चड्डी घालून बाहेर येते. "सनी" हे इथे कौतुक आहे. आपल्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी आणि गूळ देतात. भरून आलेलं आभाळ पाहून आजींचा चेहरा खुलतो आणि शेजारीण म्हणते, "सो ग्लूमी!" इथे कुणाला समजवायला जाऊ नये. पण एक वाक्य असं आहे की ज्यात दोन्ही बाजूंचं मन जुळतं. चार दिवस पाऊस नसला आणि मग आला की इलिनॉयमधला माणूस म्हणतो, "वेल, वी नीडेड द रेन." याच राज्यात मैलोन्‌मैल मका आणि सोयाबीन आहे. मृग कोरडा गेला की काय होतं हे ज्याने सोलापूरकडे पाहिलंय, त्याच्या तोंडी हे वाक्य इथल्या माणसापेक्षाही खरं वाटतं. आई-बाबांना पहिलं वाक्य शिकवायचं तर मी हेच शिकवेन.

पावसाच्या शब्दांत आपण श्रीमंतच आहोत. शिंतोडे म्हणजे स्प्रिंकल, भुरभुर म्हणजे ड्रिझल, सरी म्हणजे शॉवर्स, धो-धो म्हणजे पोअरिंग. शाळेत पाठ केलेली कुत्री-मांजरं मात्र भारतातच ठेवून यावीत, इथे फारसं कुणी ती पाडत नाही. 'उकडतंय'ला सगळ्यात जवळचा शब्द 'मगी'. जुलैत इथे मका घाम सोडतो आणि मुंबईची आठवण येते.

गरिबी आहे ती बर्फात. आपल्याकडे फ्रीजमधला तो बर्फ आणि हिमालयातला तोही बर्फच. त्यामुळे "आइस इज फॉलिंग" असं हमखास म्हटलं जातं. इथे पडतो तो स्नो, आणि पायाखाली घट्ट होतो तो आइस. नुसती भुरभुर पडली आणि साठली नाही तर फ्लरीज. वितळून चिखल झाला की स्लश. स्लीट म्हणजे वरून पडताना वितळून खाली येईपर्यंत पुन्हा गोठलेले दाणे. ते टपटप वाजतात आणि उसळतात. या सगळ्यांत वाईट फ्रीझिंग रेन. तो पडतो पाणी म्हणूनच, आणि पायरीला, फांदीला, रस्त्याला लागताक्षणी गोठतो. त्यातूनच होतो ब्लॅक आइस. तो काळा नसतो. पारदर्शक असतो, म्हणून खालचा काळा रस्ता दिसतो आणि वाटतं, नुसता ओला आहे. पुलावर तो आधी धरतो, कारण पुलाला जमिनीची ऊब नसते, वरून आणि खालून दोन्हीकडून वारा लागतो. हा शब्द ज्यांना माहीत नाही, त्यांना पेपर आणायला ड्राइव्हवेवर पाठवू नये.

आकड्यांचं थोडक्यात सांगतो. फॅरनहाइटमधून तीस वजा करून निम्मे केले की अंदाजे सेल्सिअस येतं. पन्नासला ते अगदी बरोबर दहा येतं, इतरत्र दोन-चार डिग्री इकडेतिकडे. "झीरो" म्हणजे इथे उणे अठरा, पाणी गोठण्याचा शून्य नव्हे. आणि आजोबांना "आज शंभर टेंपरेचर आहे" म्हटलं तर ते "कुणाला?" असं विचारणारच. विंड चिल हा प्रकार मात्र नीट समजून घ्यावा. शून्य फॅरनहाइटला ताशी १५ मैलांचा वारा असेल तर विंड चिल उणे १९ होतो, आणि उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. वारा शरीराभोवतीची ऊब पळवतो, एवढंच तो करतो. त्यामुळे गाडीच्या रेडिएटरला विंड चिलची भीती नाही, तो हवेच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. दरवर्षी पार्टीत हा वाद निघतो, म्हणून इंजिनिअरच्या हक्काने लिहून टाकतो.

इथवरच्या शब्दांत चूक झाली तरी बहुधा हसून भागतं. दोन शब्द असे आहेत की तिथे ते चालत नाही. वॉच आणि वॉर्निंग. मराठी कानाला हे उलटे ऐकू येतात. 'वॉर्निंग' म्हटलं की आपल्याला आठवतो साहेब किंवा मास्तर, वॉर्निंग देऊन सोडून देणारा. म्हणजे शिक्षा टळली! आणि 'वॉच' म्हटलं की वाटतं, लक्ष ठेवा, म्हणजे चला खिडकीपाशी. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या भाषेत टॉर्नेडो वॉच म्हणजे वादळ होण्याजोगी परिस्थिती आहे, तयारीत राहा. टॉर्नेडो वॉर्निंग म्हणजे ते कुणीतरी पाहिलं आहे किंवा रडारवर दिसलं आहे, आत्ताच्या आत्ता तळघरात जा. तळघर नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत. २० जून २०२१ च्या रात्री नेपरव्हिल आणि वुडरिजमधून ईएफ-३ प्रतीचा टॉर्नेडो गेला. त्या भागात आपली किती घरं आहेत ते सांगायला नको. घरं मोडली, पण तेव्हा लोक तळघरात होते म्हणून निभावलं. थंडीचंही तसंच. पूर्वी 'विंड चिल वॉर्निंग' म्हणत, ऑक्टोबर २०२४ पासून तिला 'एक्स्ट्रीम कोल्ड वॉर्निंग' म्हणतात. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत उणे २३ फॅरनहाइट झालं होतं आणि टपाल खात्यानेही पत्रं वाटणं थांबवलं होतं. असा दिवस म्हणजे ती वॉर्निंग.

आणि गरमीचं? शिकागोत उन्हाळ्याने माणसं मरतात यावर नवीन आलेल्या माणसाचा विश्वास बसत नाही. आपण विदर्भ पाहिलेली माणसं! पण १३ जुलै १९९५ ला मिडवे विमानतळावर १०६ डिग्री नोंदली गेली आणि त्या आठवड्यात शहरात सातशेहून अधिक माणसं गेली. त्यांतले बरेच वृद्ध होते, एकटे राहणारे, दारं-खिडक्या लावून घेतलेले. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने २००२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने पश्चिम भागातल्या दोन लागून असलेल्या वस्त्यांची तुलना केली आहे, नॉर्थ लॉन्डेल आणि साउथ लॉन्डेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे म्हातारे. पण पहिल्या वस्तीतलं मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या जवळजवळ दहापट. साउथ लॉन्डेलमध्ये, म्हणजे मेक्सिकन लोकांच्या लिटल व्हिलेजमध्ये, रस्ते गजबजलेले होते, दुकानं उघडी होती, म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती. नॉर्थ लॉन्डेलमध्ये दुकानं केव्हाच बंद पडली होती, रस्ते ओस होते, आणि दिवे लागल्यावर कुणी बाहेर यायला धजत नव्हतं. क्लिनेनबर्गच्या मते फरक पडला तो तिथे.

हे वाचल्यापासून शेजारणीच्या त्या "ब्यूटिफुल डे"कडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. रोज दोन वाक्यं बोलणाऱ्या आजोबांना ती ओळखते. ते दोन दिवस दिसले नाहीत तर ती बेल वाजवेल. दिवसा घरात कुणी नसताना बेल वाजवणारं आपलं दुसरं कोण आहे? आपली मराठी मंडळी पंचवीस मैलांवर, आणि तीही ऑफिसात.

तेव्हा आई-बाबा आले की पहिल्या आठवड्यात, जेट लॅग उतरला की, त्यांना शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेपर्यंत घेऊन जा आणि ओळख करून द्या. स्वतः बोलत बसू नका. त्यांना म्हणू द्या, "वी नीडेड द रेन." फ्रीजवर एक कागद लावा, त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा: वॉच म्हणजे तयारी, वॉर्निंग म्हणजे तळघर. तळघराचं दार त्यांना एकदा उघडून दाखवा, दिव्याचं बटण कुठे आहे तेही. त्यांच्या हातातला फोन भारतातलाच असेल, तर इथला धोक्याचा संदेश त्यावर येईलच असं धरून चालू नका. आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता इलिनॉयमध्ये सायरनची चाचणी असते, हे आदल्या रात्री सांगून ठेवा. नाहीतर तुम्ही ऑफिसात पोचलेले असाल, आणि आई देवपूजा अर्धी टाकून तळघरात जाऊन बसलेल्या असतील.