हाकणारा कुत्रा की राखणारा?

'हर्डिंग डॉग' म्हटलं की गूगल बॉर्डर कॉली दाखवतं. आमच्या लिंबागणेशच्या माळावर मेंढरांसोबत दिसतो तो धनगरी कुत्रा. दोघेही मेंढरांचेच, म्हणून एकाच रकान्यात टाकायचे का? संशोधन प्रस्तावात असं केलंत, तर पुढचं सगळं मोजमाप फसतं.

फरक शिकारीच्या साखळीत आहे. लांडगा नजर रोखतो, दबा धरतो, पाठलाग करतो, पकडतो, मग मारतो. बॉर्डर कॉलीत माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पहिल्या तीन कड्या ठळक केल्या, शेवटच्या दाबल्या. म्हणून ती नुसत्या नजरेने कळप वळवते. राखणाऱ्या कुत्र्यात मात्र ही साखळी मेंढरांपुढे उमटताच कामा नये. आपल्याकडे कळप हाकतो तो मेंढपाळच. कुत्र्याची खरी ड्युटी रात्रीची: खतासाठी शेतात मेंढरं बसवली की वाघरीबाहेर पडून राहायचं, लांडग्याची चाहूल लागली की भुंकून वाडा उठवायचा.

यात रक्तातलं किती, शिकवणीतलं किती? खरी गंमत इथे आहे. स्कॉट आणि फुलर यांच्या १९६५ च्या पुस्तकानुसार साधारण ३ ते १२ आठवडे हा पिल्लाचा नाती जुळण्याचा काळ. तेव्हा पिल्लू मेंढरांत वाढलं, तर मेंढरं त्याची घरचीच होतात. कुत्रा कुठे वाढला याची नोंद नसेल, तर आपण 'जातीचा गुण' म्हणून लिहितो ते वाड्यावरचं संगोपनही असू शकतं.

मोजायचं काय? रेमंड कॉपिंगर यांनी तीन गोष्टी धरल्या: कळपाकडे लक्ष, मेंढरांशी विश्वासू वागणं आणि संरक्षण. पहिल्या दोन दिवसाउजेडी नोंदवता येतात. तिसरी अवघड, लांडगा काही तुमच्या वेळापत्रकाने येत नाही. हल्ला झाला नाही म्हणजे कुत्र्यानेच राखलं, असं नव्हे. तुलनेला कुत्रा नसलेले वाडेही हवेत. त्यातही लांडगे जास्त तिथेच लोक कुत्रे जास्त पाळत असतील, तर 'कुत्रे जास्त तिथे हल्ले जास्त' असं उलटंच चित्र दिसेल.

पाळीव म्हणून? कॉलीला काम नसेल तर ती पोरांच्या सायकलीच वळवत बसते. धनगरी पिल्लू फ्लॅटमध्ये आणलंत तर रात्रभर भुंकेल, आणि त्याच्या लेखी तो कामावरच असेल.

फील्डवर्कआधी डॉक्टरांना विचारून रेबीजची लस घ्या. वाड्याकडे जाताना लांबूनच हाक द्या. मामा कुत्रा आवरेपर्यंत पुढे पाऊल टाकू नका.