सहकार्याचा प्रश्न : पॅरिस आणि बेतूल

समाजवाद्याने समाजवादी नसलेल्या सरकाराशी सहकार्य करावे काय, हा प्रश्न युरोपात १८९९ साली ऐरणीवर आला. त्या वर्षी फ्रान्समधील समाजवादी पुढारी मिलेराँ वाल्देक-रूसो यांच्या मंत्रिमंडळात शिरले. १८७१ चे पॅरिस कम्यून चिरडणारे जनरल गालिफे हेही त्याच मंत्रिमंडळात होते. प्रजासत्ताक धोक्यात असताना हे समर्थनीय होय, असे जोरेस म्हणत. गेद यांना ते मुळीच मान्य नव्हते. पुढील वर्षी पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत कौट्स्की यांच्या ठरावाने मध्यममार्ग काढला : असा प्रयोग आपद्धर्म म्हणूनच व्हावा, त्यास पक्षाची संमती असावी आणि मंत्र्याने पक्षाचा प्रतिनिधी म्हणूनच वागावे.

आपल्याकडे हाच वाद १९५३ साली प्रजासमाजवादी पक्षाच्या बेतूल अधिवेशनात उभा राहिला. मागासलेल्या देशाच्या आर्थिक उभारणीसाठी काँग्रेसशी सहकार्याची क्षेत्रे शोधावीत, हे अशोक मेहतांचे प्रतिपादन. काँग्रेस व कम्युनिस्ट या दोहोंपासून समान अंतर राखावे, हा लोहियांचा आग्रह. १९५५ च्या अखेरीस लोहियांनी वेगळा पक्ष काढला. १९६३ साली मेहतांनी नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद स्वीकारले व पुढच्याच वर्षी ते काँग्रेसमध्ये गेले. १९६५ पासून महाराष्ट्रातील एस. एम. जोशी व ना. ग. गोरे हे जुने सहकारीही दोन पक्षांत विभागले गेले.

सहकार्य हे स्वभावतः पाप नव्हे. परंतु तो निर्णय पक्षाचा न राहता व्यक्तीचा झाला, की तत्त्वाचा वाद फुटीत संपतो. कौट्स्कींच्या अटीचे मर्म हेच आहे.