दारी झुलणारा हत्ती आणि त्याचा रोजचा चारा

एखाद्या घराच्या वैभवाचे वर्णन करताना आपली जुनी माणसे 'त्यांच्या दारी हत्ती झुलतो' असे म्हणत. हत्ती मिळवणे एक वेळ सोपे, पण त्याला रोज पोसणे अवघड, हे त्या म्हणण्यात गृहीतच होते. आज दारी हत्ती दिसत नाहीत. त्यांची जागा मोटारीने घेतली आहे.

आम्हां इंदूरकरांना या वैभवाची ओळख फार जुनी. यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३०च्या दशकात अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची मोटार आली. तिच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाची ताकद निर्मात्यांच्या सांगण्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती होती आणि तिच्यावरचा देखणा साज लंडनच्या गर्नी नटिंग यांनी चढवला होता. त्या मोटारीच्या मागे संस्थानचा खजिना होता. आजच्या आलिशान मोटारीचा धनी मात्र स्वतःच माहूत आणि स्वतःच खजिनदार असतो. पगारातून, धंद्यातून किंवा बँकेच्या कर्जातून त्याला हत्तीचा चारा आणावा लागतो.

हा विषय आज मांडण्याचे कारण असे की, हा हत्ती आता मध्यमवर्गाच्या अंगणापर्यंत येऊन पोहोचला आहे. आमचा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी भेटावयास आला. चांगल्या नोकरीत आहे, घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी दहावीत आहे. म्हणाला, "सर, पाच वर्षे वापरलेली जर्मन गाडी निम्म्या किमतीला मिळते आहे. रोज हीच चालवीन. घेऊ का?" वरवर पाहता प्रश्न सोपा. पण आम्ही त्याच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवली आणि दोघे मिळून हिशेबाला बसलो. तो हिशेब वाचकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

पहिली गोष्ट, मोटार विकत घेण्याची किंमत आणि बाळगण्याची किंमत या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एकदाच द्यावी लागते, म्हणून ती डोळ्यांत भरते. दुसरी रोज थोडी थोडी जाते, म्हणून ती दिसत नाही. तिच्यातला सर्वांत मोठा भाग तर पावतीवर कधी येतच नाही. तो म्हणजे घसारा. आपल्याकडील मोटारविम्याच्या कोष्टकात मोटारीची किंमत ठरवण्यासाठी पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरतात. समजा, नव्या मोटारीची किंमत ८० लाख रुपये आहे. या कोष्टकाने पाच वर्षांत ४० लाख गेले, म्हणजे दरसाल ८ लाख. दिवसाचे सुमारे २,२०० रुपये झाले. ती मोटार अंगणात उभी असली तरी गेले आणि धावली तरी गेले. वर्षाला १२,००० किलोमीटर चालवली असे धरले, तर दर किलोमीटरला सुमारे ६७ रुपये केवळ किंमत उतरण्यात जातात.

आता इंधन पाहू. साधी मोटार लिटरला १५ किलोमीटर जात असेल तर १२,००० किलोमीटरला ८०० लिटर लागतील. चारशे-पाचशे अश्वशक्तीची मोटार शहराच्या गर्दीत लिटरला ५ किलोमीटर गेली, तर २,४०० लिटर लागतील. पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरले, तर एकीला ८० हजार आणि दुसरीला २ लाख ४० हजार. फरक लहान नव्हे, पण किलोमीटरला हा खर्च २० रुपयेच झाला. लोक पेट्रोलची चिंता करतात आणि त्याच्या तिपटीहून मोठा खर्च नजरेआड राहतो.

यावर आमच्या विद्यार्थ्याने बिनतोड वाटावे असे उत्तर दिले. "सर, घसारा तर पहिल्या मालकाने सोसला. मला तो बसणारच नाही." त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. जुन्या मोटारीची किंमत निम्मी होते, परंतु तिच्या सुट्या भागांची किंमत निम्मी होत नाही. ८० लाखांच्या मोटारीचा दिवा, स्प्रिंग किंवा गिअरबॉक्स मोटार ४० लाखांत घेतली काय किंवा २० लाखांत घेतली काय, ८० लाखांच्या मोटारीच्याच भावाने मिळतो. शिवाय पहिल्या मालकाच्या काळात जी हमी होती, ती बहुधा दुसऱ्याच्या हाती गाडी येईपर्यंत संपलेली असते. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही आपली म्हण जणू या व्यवहारासाठीच जन्माला आली.

हा मसाला कोणकोणता, ते पाहू. प्रथम टायर. साध्या स्विफ्ट मोटारीच्या टायरवर १६५/८० आर १४ असे आकडे असतात. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. वेगवान मोटारीच्या मागच्या टायरवर ३०५/३० आर २० असे आकडे सर्रास आढळतात. रुंदी जवळजवळ दुप्पट, पण भिंतीची उंची ९२ मिलिमीटरही नाही. पावसाळ्यात पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यात चाक गेले की दणका झेलायला मधे रबराची गादी फारशी नसते. टायर फाटतो आणि पुष्कळदा मिश्रधातूची महागडी रिमही वाकते. वेगासाठी रबर मऊ ठेवलेले असते, म्हणून ते झिजतेही लवकर. झीज मोजण्याच्या अमेरिकी पद्धतीत आकडा जितका लहान तितकी झीज लवकर. साध्या टायरवर तो ४००-५०० किंवा अधिक असतो, तर शर्यतीच्या धर्तीच्या काही टायरांवर अवघा १८०. अनेक मोटारींत पुढची व मागची चाके वेगवेगळ्या मापांची असतात, त्यामुळे आलटूनपालटून लावून आयुष्य वाढवण्याची सोयही राहत नाही.

ब्रेकचीही तीच कथा. २००१च्या सुमारास पोर्शे कंपनीने ९११ जीटी २ या मोटारीवर कार्बन-सिरॅमिकच्या तबकड्या बसवल्या. वजनाला त्या लोखंडी तबकड्यांच्या निम्म्या आणि रस्त्यावरच्या वापरात पुष्कळ टिकाऊ. पण चाक काढताना मिस्त्रीचा हात चुकला आणि कडेचा टवका उडाला, तर तबकडीच बदलावी लागते, आणि तिची किंमत ऐकून माणूस खुर्ची शोधतो. जुन्या फेरारी व लँबोर्गिनी मोटारींतील, शर्यतीच्या धर्तीवर केलेले एकेरी क्लचचे आपोआप बदलणारे गिअरही असेच. मोकळ्या रस्त्यावर ते उत्तम चालतात, परंतु चौकातल्या गर्दीत इंच-इंच सरकताना क्लच घासत राहतो आणि लवकर संपतो. १९९४ ते १९९९ या काळात निघालेल्या फेरारी एफ ३५५ या मोटारीचा कॅमशाफ्टचा पट्टा बदलायचा तर अख्खे इंजिन खाली उतरवावे लागे. पट्टा लहान, पण मजुरीचे तास पुष्कळ. २००४च्या एफ ४३० या मोटारीत त्या कंपनीने पट्ट्याऐवजी साखळी वापरून ही पीडा टाळली.

विम्याकडेही नीट पाहावे. दुसऱ्याच्या नुकसानीचा सक्तीचा विमा त्या मानाने स्वस्त आहे. जून २०२२च्या दरपत्रकात १,५०० घनसेंटिमीटरच्या वरील सर्व खासगी मोटारींना वर्षाला एकच दर होता, ७,८९७ रुपये. खरा खर्च आपल्या मोटारीच्या नुकसानीच्या विम्याचा. साध्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो. आजच्या मोटारीचे बंपर प्लॅस्टिकचेच असतात. म्हणून घसारा न कापणारे जादा संरक्षण घ्यावे लागते, आणि त्याचा हप्ता वेगळा.

कोणी म्हणेल, मग अशी मोटार झाकून ठेवावी आणि सणावारी काढावी. तेही खरे नव्हे. भाकरी का करपली, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे उत्तर मोटारीलाही लागू आहे: न फिरवल्यामुळे. उभ्या मोटारीची बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटतात, रबरी गाळे वाळतात. उलट रोज दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्यांतही इंजिनाचे तेल पुरते तापत नाही आणि झीज वाढते. म्हणजे हत्तीला बांधून ठेवले तरी त्रास आणि भाजीबाजारात फिरवले तरी त्रास.

या सगळ्याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'मिस्टर बीन' या भूमिकेमुळे घराघरांत पोहोचलेले इंग्लिश नट रोवन अ‍ॅटकिन्सन. गॉर्डन मरे यांच्या संकल्पनेतून साकारलेली मॅकलॅरेन एफ १ ही मोटार त्यांनी १९९७ मध्ये ५ लाख ४० हजार पौंडांना घेतली. सांगाडा कार्बन तंतूंचा, चालकाची जागा मधोमध, मागे बीएमडब्ल्यूचे बारा सिलिंडरांचे इंजिन. अशा मोटारी सगळ्या मिळून १०६ च निघाल्या. पुष्कळांनी त्या कुलुपात ठेवल्या, अ‍ॅटकिन्सन यांनी ती चालवली. सुमारे ४१,००० मैल, म्हणजे ६६,००० किलोमीटर. ऑगस्ट २०११ मध्ये केंब्रिजशायरमध्ये ती रस्त्यावरून घसरून झाडावर आदळली आणि त्यांच्या खांद्याला दुखापत झाली. दुरुस्तीला एक वर्षाहून अधिक काळ लागला आणि विमा कंपनीला सुमारे ९ लाख १० हजार पौंड मोजावे लागले. मोटारीच्या मूळ किमतीहून हे कितीतरी अधिक! चाललेल्या अंतराने भागले, तर केवळ या दुरुस्तीचे दर किलोमीटरला सुमारे १४ पौंड पडतात.

परंतु कथेचा शेवट निराळाच आहे. तीच दोनदा अपघातात सापडलेली, भरपूर चाललेली मोटार २०१५ मध्ये सुमारे ८० लाख पौंडांना विकली गेली. हे ऐकून आमच्या विद्यार्थ्याचे डोळे चमकले. त्याला आम्ही एवढेच म्हणालो की, ती मोटार जगात १०६ होती; तू पाहतो आहेस तशा मोटारी कारखान्यातून हजारोंनी निघतात. दुर्मिळ वस्तूची किंमत चढते, महागड्या वस्तूची नव्हे. या दोन शब्दांतला भेद न कळल्याने पुष्कळ घरे कर्जात बुडाली आहेत.

तरीही वेग आणि रोजचा व्यवहार यांचे हाडवैरच आहे, असे आम्ही म्हणणार नाही. १९९० मध्ये जपानच्या होंडा कंपनीने एनएसएक्स नावाची मोटार काढली. शर्यतपटू आयर्टन सेना यांनी तिच्या घडणीत सल्ला दिला होता. अ‍ॅल्युमिनियमचे हलके अंग, चालकाला चोहीकडे स्वच्छ दिसेल अशी बैठक आणि नेहमीच्या वापराला साजेसा भरवसा, हे तिचे वैशिष्ट्य. स्वतः गॉर्डन मरे यांनी एफ १ घडवताना हिचा आदर्श समोर ठेवला होता. यावरून एवढेच कळते की, अभियंत्याने मनावर घेतले तर वेगवान मोटारही सुस्वभावी होऊ शकते. म्हणून मोटार निवडताना तिची अश्वशक्ती विचारण्याआधी तिचा स्वभाव विचारावा.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. एप्रिल २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे मोटारींची कमाल वेगमर्यादा द्रुतगती मार्गावर १२० आणि नगरपालिका हद्दीत ७० किलोमीटर ठरवली गेली. ताशी ३०० किलोमीटर जाण्याची क्षमता आपण विकत घेतो, विम्यात भरतो, टायरात झिजवतो, पेट्रोलात जाळतो, आणि वापरतो तिचा एखादा तुकडा. या मोटारीच्या खर्चाचे मर्म आम्हांस यातच दिसते. न वापरलेल्या सामर्थ्याचे भाडे आपण रोज भरत असतो.

ज्याला तरीही अशी मोटार रोज चालवायची आहे, त्याने काही पथ्ये पाळावीत. घेण्यापूर्वी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या जाणकाराकडून ती तपासून घ्यावी. सर्व्हिसच्या नोंदी अखंड आहेत की नाहीत, ते पाहावे. टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा वाचावा. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. आपल्याकडे २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. जुन्या मोटारीला ते मानवेल की नाही, हे तिच्या पुस्तिकेत पाहावे. चारही टायर, ब्रेक आणि एक मोठी दुरुस्ती यांचे अंदाज आधी लेखी घ्यावेत आणि तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते का, ते पाहावे. ती मुलांच्या शिक्षणातून किंवा आईवडिलांच्या औषधपाण्यातून काढावी लागत असेल, तर उत्तर आपोआप मिळाले.

आमच्या विद्यार्थ्याने कागदावरच्या बेरजेखाली दोन रेघा ओढल्या आणि तो कागद घडी करून खिशात ठेवला. घरी जाऊन तो पत्नीला दाखवीन म्हणाला. आम्हांस ते फार आवडले. आवडीच्या वस्तूवर खर्च करणे हे पाप नव्हे. सुंदर यंत्राचा आनंद हा गाण्याच्या किंवा चित्राच्या आनंदाइतकाच खरा असतो. फक्त ज्या घराला तो चारा पुरवायचा आहे, त्या घरातील सर्वांना हत्तीची भूक आधी ठाऊक असावी.