भाताचे पान आणि सूर्यप्रकाश

आषाढ लागला की मावळात सूर्य दिसेनासा होतो. बोरघाट चढून आलेले ढग लोणावळ्यावर उतरतात, ते कित्येकदा आठवडा आठवडा हलत नाहीत. वर्षाकाठी येथे सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक सारा चार महिन्यांत. याच दिवसांत इंद्रायणी व पवना यांच्या खोऱ्यांत भाताची लावणी होते. खाचरांत पाण्याची लयलूट असते. तरीही भाद्रपद सरत आला म्हणजे जाणता शेतकरी पावसापेक्षा उन्हाची वाट अधिक आतुरतेने पाहू लागतो. पाण्यात उभ्या असलेल्या पिकाला उन्हाची एवढी गरज का असावी? शाळेच्या प्रयोगशाळेत एका साध्या पानावर याचे उत्तर पाहावयास मिळते.

श्रावणात मावळच्या माळांवर उगवणारा तेरडा या प्रयोगास चांगला, कारण त्याचे पान पातळ असते. त्याचे कुंडीतील रोप प्रथम दोन दिवस काळोखात ठेवतात. ही पायरी गाळण्याचा मोह विद्यार्थ्यांना हटकून होतो, आणि मग प्रयोग फसतो. कारण पानात आदल्या दिवशीचे पिष्ट शिल्लकच असते. काळोखात ते खर्ची पडले की पानाच्या मधल्या भागावर दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावून रोप उजेडात ठेवावयाचे. काही तासांनी पान तोडून उकळत्या पाण्यात बुडवितात. नंतर दिवा विझवून, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या मद्यार्कात ते ठेवितात. मद्यार्क चटकन पेट घेतो, म्हणून ही खबरदारी. मद्यार्क हिरवा होतो, पान फिकट पडते. ते धुऊन त्यावर आयोडीनचे थेंब टाकले म्हणजे उघडा भाग निळाकाळा होतो. पट्टीखालचा भाग मात्र पिवळसर तपकिरीच राहतो. आयोडीनने निळे होते ते पिष्ट. पान एकच, पाणीही त्याच मुळांनी दिलेले. परंतु जेथे उजेड पोचला नाही तेथे अन्न तयार झाले नाही.

किती उजेडाला किती काम होते, हे हायड्रिला ही पाणवनस्पती दाखविते. चंचुपात्रातील पाण्यात तिच्या फांद्या ठेवून वर नरसाळे पालथे घालतात व त्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी उपडी ठेवतात. दिवा जवळ आणताच देठांतून बुडबुडे भराभर निघू लागतात. हा प्राणवायू होय. दिवा दुप्पट अंतरावर नेला की उजेड चौथाईवर येतो, आणि बुडबुडेही मंदावतात. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी हीच वनस्पती अभ्यासासाठी निवडली होती. बुडबुड्यांची नोंद आपोआप घेणारे यंत्र त्यांनी बनविले. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

या क्रियेला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषून घेते. त्या शक्तीच्या बळावर मुळांनी आणलेले पाणी व हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर बनते, तिचेच पुढे पिष्ट होते. पाण्यातून सुटा झालेला प्राणवायू बाहेर पडतो.

ढगाळ दिवशी पाने अगदीच उपाशी राहत नाहीत. ढगांतून पाझरलेला उजेड चोहोकडून येतो व खालच्या पानांनाही थोडाफार मिळतो. एरवी लावणीपासून पोटरी धरेपर्यंत पीक एवढ्यावर निभावून नेते. खरी अडचण पुढे येते. भात निसवला की दाण्यांत चीक भरू लागतो. तांदळातील बहुतेक पिष्ट या थोड्या आठवड्यांत पानांनी केलेले असते. तेव्हा आभाळ भरूनच राहिले तर लोंबीत पोचट दाणे वाढतात.

यात पानांची ठेवणही महत्त्वाची आहे. मावळचा सुवासिक आंबेमोहोर उंच वाढतो. वाऱ्यापावसात तो लोळला की पाने एकमेकांवर पडून खालची सावलीत जातात. प्रयोगातील काळी पट्टीच जणू त्यांवर बसते! फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली आय. आर. ८ हा बुटका वाण दिला. त्याची पाने ताठ उभी राहतात, त्यामुळे उजेड खालपर्यंत उतरतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ व हा वाण यांचा संकर करण्यात आला, आणि १९८७ साली त्यातून नवा वाण शेतकऱ्यांच्या हाती आला. तो आंबेमोहोराहून ठेंगणा, उत्पन्नाला सरस आणि तरीही सुवासिक आहे. खोऱ्यातील नदीवरून त्याला इंद्रायणी हे नाव मिळाले.