वाटीभर बेसन, पाऊण लिटर वायू

इनोच्या पाच ग्रॅमच्या पुडीतून किती वायू निघतो, याचा हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्राच्या जोरावर मांडता येतो. उत्तर येतं साधारण पाऊण लिटर. वाटीभर बेसन पाण्यात कालवून जेवढं पीठ होतं, त्याच्या दुपटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड त्या चमचाभर भुकटीत दडलेला असतो!

पाहुण्यांसाठी म्हणून पहिल्यांदाच खमण करून बघणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. कृतीत नुसते हुकूम असतात: आधी पाणी खळखळून उकळू द्या, इनो अगदी शेवटी घाला, लगेच वाफेला ठेवा, मध्ये झाकण काढू नका. मला हे सगळे हुकूम एका शर्यतीचे नियम वाटतात. एकीकडे वायू पिठातून निसटायला बघतोय, दुसरीकडे पीठ शिजून घट्ट व्हायला बघतंय. पीठ आधी घट्ट झालं तर जाळी पडते, वायू आधी पळाला तर थाळीत गिच्च वडी उरते.

पीठ घट्ट होतं ते दोन गोष्टींमुळे. साधारण सत्तर अंशांच्या आसपास बेसनातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि खळ धरतो. त्याच सुमारास हरभऱ्यातली प्रथिनंही गोठू लागतात. तोवर बुडबुड्यांना धरून ठेवायला पिठाच्या दाटपणाशिवाय काही नसतं. पुडीतला सोडा आणि सायट्रिक ॲसिड ओलावा लागताक्षणीच एकमेकांना भिडलेले असतात, म्हणून पाणी आधीपासून उकळत हवं. झाकण उघडलं की आतली वाफ गेली, थाळी गार पडली आणि अर्धवट उभी राहिलेली जाळी बसली. ‘एकाच दिशेने ढवळा’ या सूचनेमागे मात्र मला तरी काही रसायनशास्त्र दिसत नाही. हात हलका असला की पुरे.

नुसता खायचा सोडा घातला तर? तोही फुगवतो, पण निव्वळ उष्णतेने फुटला तर त्यातला निम्माच वायू सुटतो. उरलेला निम्मा धुण्याचा सोडा होऊन पिठातच राहतो. जास्त सोडा पडलेल्या पदार्थाला साबणासारखी चव येते ती यामुळे. लिंबू किंवा दह्याचं आम्ल जोडीला पुरेसं असेल, तर तेवढ्याच सोड्यातून दुप्पट वायू मिळतो आणि मागे कडवटपणाही राहत नाही.

ही जोडी डब्यात भरून ठेवण्यामागेही घरचाच स्वयंपाक आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडी चालत नसत. तिच्यासाठी त्याने १८३७ साली बिनअंड्याची कस्टर्ड पावडर बनवली, आणि ती एकदा जेवायला आलेल्या मंडळींनाही वाढली गेली, असं सांगतात. तिला यीस्टही सोसत नसे. म्हणून १८४३ साली त्याने सोडा आणि कोरडं आम्ल एकत्र करून बेकिंग पावडर तयार केली. एका बायकोच्या पथ्यापायी जगभरचे केक फुगू लागले, आणि ती कधी खमणाच्या वाटेला गेली नसणार, हे तिचं दुर्दैव.

आता लाल ठिपके. खमण कापलं आणि पिवळ्याधमक वडीत मध्येच विटकरी डाग दिसले, तर यजमानीणबाई घाबरून बेसनाचा डबा हुंगायला लागतात. बेसन बरोबर असतं. हळदीतला कर्क्युमिन हा रंग आम्लात पिवळा राहतो आणि अल्कलीत तांबडा होतो. जिथे सोड्याची गुठळी मोडायची राहिली, नेमकी तिथेच हळद लाल होते. म्हणजे ढवळणं कुठे कमी पडलं, याचा नकाशाच थाळीत उमटतो. पांढऱ्या सदऱ्यावरचा आमटीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो, याचंही उत्तर हेच. पूर्वीपासून हळदीला चुना किंवा टाकणखार लावून कुंकू करत आले, त्यातही हीच करामत. खात्री करायची असेल तर लाल ठिपक्यावर लिंबाचे दोन थेंब पिळा. तो बघता बघता पिवळा होतो.

खरी गंमत होते ती माणसं वाढल्यावर. चौघांचं जमलं, आता आठजण येणार, म्हणून पीठ दुप्पट करून त्याच थाळीत ओतलं जातं. थर दुप्पट जाड झाला की वेळही दुप्पट लागेल, असं आपण धरून चालतो. उष्णतेचा हिशेब वेगळा आहे. थराच्या मध्यापर्यंत पोचायला तिला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो: दुप्पट जाडीला चौपट वेळ. पंधरा मिनिटांचं काम ढोबळमानाने तासावर जातं, आणि त्यात जाळी जितकी सुरेख तितकी उष्णता आत शिरायला नाखूश, कारण कोंडलेला वायू तिला सहजी वाट देत नाही. कडा केव्हाच शिजलेल्या असतात, मध्यभागी टोचलेली सुरी मात्र ओली बाहेर येते. तोवर मधले बुडबुडे कधीच पळालेले असतात.

तेव्हा आठजणांसाठी दोन थाळ्या. पीठ एकदम कालवून निम्मं बाजूला ठेवावं, त्याला खुशाल ताटकळू द्यावं. बेसनाला घाई नसते, घाई पुडीला असते. पहिली थाळी उतरून तिच्यावर फोडणीचं साखरपाणी ओतून झालं, की तळाचं पाणी पुन्हा उकळू द्यायचं आणि मगच दुसरी पुडी फोडायची.