टेकडीवरच्या तणाला आकाशातून औषध नको

पावसाच्या पहिल्या सरींनंतर वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती-पाचगाव परिसरात गाजरगवत फोफावते. भारतात या तणाची ठळक नोंद झाली ती १९५० च्या दशकात, पुण्यातच. ते आवरायला हवे, याविषयी दुमत नाही. मात्र पिकांवरील ड्रोन फवारणीसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये कार्यपद्धती जाहीर केल्यापासून, हाच उपाय वनजमिनीवर का नको, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर शेत आणि वन यांच्यातील फरकात आहे.

शेतात पीक सोडून उरलेले सारे तण असते. वनात अशी विभागणी नसते. ग्लायफोसेट हिरव्या पानावर पडले की सहसा भेदभाव करीत नाही. '२,४-डी' गवत राखते, पण रुंद पानांच्या वनस्पती मारते. म्हणजे तणाबरोबर तेरडा, सोनकी आणि पळस, सालईची कोवळी रोपेही जातात. उघड्या पडलेल्या जमिनीवर पुन्हा गाजरगवतच आधी उगवते. कारण त्याचे एकेक झाड हजारो बिया टाकते.

कीटकनाशक नियम, १९७१ नुसार हवाई फवारणीची सूचना जनतेला किमान २४ तास आधी द्यावी लागते आणि ठरावीक काळ माणसे व जनावरांना तेथे येऊ देता येत नाही. चहूबाजूंनी पायवाटा असलेल्या टेकडीवर हे कसे साधणार? गुराख्यांना थोपवता येईल, मोरांना नाही. उतारावरचे पाणीही शेवटी ओढ्यांतून नदीलाच मिळते.

केरळमधील कासारगोडचा अनुभव बोलका आहे. तेथे सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले जाई. ते तणनाशक नव्हे, कीटकनाशक होते. पण वाऱ्याने ते बागेची हद्द ओलांडून वस्तीत नेले. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

पर्याय उपलब्ध आहेत. फुलोऱ्यापूर्वी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून गाजरगवत मुळासकट उपटता येते. मुख्यतः त्याच्या पानांवर जगणारे मेक्सिकन भुंगेरे १९८४ मध्ये बंगळुरूत सोडण्यात आले. पावसाळ्यात ते चांगले काम करतात. हे उपाय संथ आहेत, दरवर्षी करावे लागतात. परंतु त्यात तण कोणते आणि रोप कोणते, हे पाहणारे डोळे जमिनीवर असतात.