कुवेतच्या कचेऱ्यांतील स्वयंसेवक

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष स्वयंसेवकांच्या नावे घोषित केले आहे, आणि त्या निमित्ताने व्यावसायिक कंपन्यांच्या नोकरवर्गाने समाजकार्यात उतरावे या विषयाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. कुवेतमध्ये हा शिरस्ता नवा नाही. शुक्रवार-शनिवारच्या सुटीत बँकांतील आणि तेलकंपन्यांतील कर्मचारी समुद्रकिनारे स्वच्छ करतात, जाब्रियाच्या रक्तपेढीत रक्तदान करतात, रमजानमध्ये इफ्तारचे डबे वाटतात. त्या मंडळींत आपली मराठी माणसेही असतात. या कार्याविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु ज्या मुलखात सुमारे दहा लाख भारतीय राहतात आणि त्यांतील बहुसंख्य अंगमेहनतीवर जगतात, तेथे कचेरीतल्या माणसाने द्यावयाची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे त्याचे रोजचे कसब होय, असे मला आग्रहाने म्हणावयाचे आहे; आणि त्याचा पुरावा कुवेतच्याच इतिहासात आहे.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा तेथे एक लाख सत्तर हजारांच्या घरात भारतीय होते. पगार थांबले, दुकानांतील धान्य आटू लागले, पुढे भारतीय वकिलातीलाही आपले दप्तर बसऱ्यास हलवावे लागले. अशा निर्नायकी अवस्थेत, टोयोटा मोटारींच्या व्यवसायात असल्यामुळे ‘टोयोटा सनी’ म्हणूनच ओळखले जाणारे केरळचे मथुण्णी मॅथ्यूज आणि हरभजनसिंग वेदी यांच्यासारख्या गृहस्थांच्या पुढाकाराने भारतीयांनी आपली व्यवस्था आपणच उभी केली. त्या व्यवस्थेचे स्वरूप पाहिले म्हणजे लक्षात येते, की तिच्यात वीरश्रीपेक्षा कारकुनी अधिक होती: कोण कोठे अडकला आहे याच्या याद्या करणे, शिधा मोजून वाटणे, ज्यांचे पारपत्र मालकाकडेच राहिले त्यांच्या कागदपत्रांची तजवीज करणे, बसगाड्या ठरविणे, आणि बसरा-बगदादमार्गे जॉर्डनच्या सरहद्दीपर्यंत माणसांची रवानगी करणे. पुढे १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या अवधीत अम्मान ते मुंबई अशी ४८८ उड्डाणे झाली आणि लाखाहून अधिक माणसे आपल्या किनाऱ्यास लागली. या विक्रमाचे श्रेय एअर इंडियाला योग्यच मिळाले. २०१६ च्या ‘एअरलिफ्ट’ चित्रपटाने मात्र या सामुदायिक उद्योगाला एकच नायक दिला, ही गोष्ट मला आजही खटकते. नोंदवह्या घेऊन बसलेले हिशेबनीस आणि गाड्यांचा मेळ घालणारे व्यवस्थापक पडद्यावर शोभत नसतील. परंतु त्यांच्यावाचून अम्मानपर्यंत कोण पोहोचले असते?

आता अलीकडच्या दुर्दैवाकडे वळू. १२ जून २०२४ रोजी पहाटे मंगफ येथील कामगारांच्या निवासी इमारतीला आग लागली आणि पंचेचाळीस भारतीयांचे मृतदेह हवाईदलाच्या विमानाने कोचीस आणावे लागले. तळमजल्यावरील पहारेकऱ्याच्या खोलीतील विजेचा दोष हे आगीचे कारण असल्याचे कुवेतच्या अग्निशमन दलाने सांगितले. ज्या देशात विद्युत अभियंत्यांची वाण नाही, त्या देशात ही माणसे तारांच्या दोषापायी गेली, हे मनातून जात नाही. इमारतींची तपासणी हे सरकारचे आणि मालकांचे कर्तव्य आहे, ते स्वयंसेवकांच्या गळ्यात घालणे अन्यायाचे होईल. तरीही किनाऱ्यावरील प्लास्टिक वेचण्यास जाणाऱ्या अभियंत्याला त्याच्याच कंपनीचे मजूर कोठे निजतात हे ठाऊक नसावे, यात मला समाजसेवेच्या कल्पनेचीच अपूर्णता दिसते.

कसबाचे असे दान नियमबद्ध करता येते. टाटा समूहाने २०१४ मध्ये आरंभिलेल्या ‘प्रोएंगेज’ उपक्रमात कर्मचारी सुटीच्या दिवशी, काही महिने सलग, आपल्या व्यवसायाचे ज्ञान एखाद्या सामाजिक संस्थेस देतात. कुवेतमध्ये तर या मार्गाची निकड अधिक आहे, कारण तेथे वर्गणी गोळा करण्यावर सरकारचे कडक निर्बंध असून परवान्यावाचून पैसा जमविता येत नाही; वेळ आणि विद्या मात्र देता येते. अरबी वाचू शकणाऱ्याने कामगाराला त्याचा करारनामा समजावून द्यावा. हिशेबनीसाने थकलेल्या वेतनाचा तक्ता करून द्यावा. वकिलातीत २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यासाठीचा अर्ज नीट लिहून देणारा माणूस अडलेल्या मजुराला शंभर डब्यांहून उपयोगी पडतो. महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी अशा जाणकारांची यादी तयार ठेवावी. आणि कंपन्यांनी आपल्या अभियंत्यांना प्रथम आपल्याच मजुरांच्या खोल्यांत पाठवावे: तारा, फलक, जिने आणि गच्चीचे दार आतून उघडते की नाही, एवढे पाहण्यास शनिवारची एक सकाळ पुरते, आणि परवानगीसाठी दुसऱ्या कोणाच्या दारी जावे लागत नाही.